तुळशीराम तांडेलांची जागा

माझ्या वडिलांना दोनच गोष्टी लपवता आल्या: मधुमेह आणि सोन्याच्या भावाने विकला जाणारा घोळ मासा मिळायची जागा. मधुमेह आईने हुडकून काढला. जागा मात्र आमच्या अख्ख्या बंदरात कुणाला सापडली नाही. समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजाचा सांगाडा आहे, तिथे घोळ येते. आजोबांना तो जाळं फाटल्यामुळे सापडला. बाबांच्या मागे ती जागा माझा भाऊ निकेश याला मिळणार होती. आमच्याकडे जमीन नाही, वाटणी करायला एवढंच होतं.

मी क्षेपणास्त्रांचं काम करते. घरी ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून सांगितलंय आणि बाबांनी कधी खोदून विचारलं नाही. विमानाखाली टांगलेलं क्षेपणास्त्र बटण दाबताच सुसाट सुटतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं हो! आधी आकडा सुटतो आणि ते नारळासारखं नुसतं खाली पडतं. विमानापासून लांब गेलं की मग मोटर पेटते, नाहीतर आपल्याच विमानाला आग. पुढे नाकातला डोळा लक्ष्य बघतो आणि शेपटीचे चार पर त्याला वळवतात. लक्ष्याच्या मागे धावायचं नसतं, ते जिथे पोचणार तिथे जायचं असतं. समोरून येणारी होडी आपल्या डोलकाठीशी एकाच ठिकाणी दिसत राहिली, की टक्कर होणार हे कोळ्याच्या पोरालाही कळतं आणि ते सुकाणू फिरवतं. आमचं क्षेपणास्त्रही तेच बघतं, फक्त टक्कर व्हावी म्हणून.

पर कधी आणि किती वळायचे, ते गणित माझं. मागच्या चाचणीत ते उशिरा वळले आणि सगळं पाण्यात गेलं. आता एकच संधी उरली होती. नेमलेल्या दिवशी चाचणी झाली नाही, तर माझं गणित काढून दुसऱ्या गटाचं बसवायचं, असं ठरलं होतं. इतक्या वर्षांचं काम कपाटात गेलं असतं.

चाचणीसाठी समुद्राचा एक मोठा पट्टा मासेमारीला बंद केला होता. सगळ्या मच्छीमार सोसायट्यांना आधीच कळवलं होतं आणि सगळे तांडेल आपापल्या बोटी बांधून मुकाट्याने घरी बसले. एक सोडून. माझ्या वडिलांनी विचार केला, आज कुणीच फिरकणार नाही, म्हणजे आपण कुठे जातो ते बघायलाही कुणी नाही! बोट कुठे आहे ते कळवणारा, सरकारने बसवलेला ट्रान्सपाँडर त्यांनी नेहमीप्रमाणे बंद केला आणि निघाले.

आम्ही कंट्रोल रूममध्ये बसलो होतो. क्षेपणास्त्र टांगलेलं विमान वर घिरट्या घालत होतं. एवढ्यात गस्तीच्या विमानाने पट्ट्यात शिरलेल्या एका बोटीचा फोटो पाठवला. बोटीवर सावलीला फ्लेक्स बांधला होता. फ्लेक्सवर ‘शुभविवाह’ आणि खाली मी, नवऱ्याच्या शेजारी, नथ घालून. खोलीत कुणीतरी खुदकन हसलं.

“सर,” मी डायरेक्टरांना म्हणाले, “ते माझे वडील आहेत.”

मग कुणी हसलं नाही. वायरलेसवर हिंदीत सूचना देऊन झाल्या, दरडावून झालं. बाबा ऐकत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. वायरलेस ते कधी बंद करत नाहीत, दुसऱ्याला मासळी कुठे लागली ते त्यावरच कळतं. पण उत्तर दिलं असतं तर किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींना कळलं असतं, तुळशीराम आज कुठेतरी बाहेर आहे. म्हणून ते तोंड मिटून बसले होते. विमानाचं इंधन संपत आलं होतं. डायरेक्टर म्हणाले, चाचणी रद्द करू.

मी माईक मागून घेतला.

“बाबा, मी हेमांगी. तुमी बंद पट्ट्यात हाव. बोट चालू करा न् निघा.”

पडद्यावर बोटीचा ठिपका होता तिथेच होता.

“बाबा, मना म्हाईत हाय तुमी ऐकताव. माज्या कामाचा सवाल हाय. निघाला न्हाय तर तुमची जागा वाचून दाखवीन. सगले ऐकतान.”

त्यांना वाटलं असणार, पोरगी बोलते नुसती. मलाही तसंच वाटत होतं. समोर पडद्यावर बोटीच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे होते. मी पहिला आकडा वाचला आणि थांबले. बोट हलली नाही. मग उरलेले सगळे आकडे मी वाचून टाकले.

“बस कर, बाय,” बाबांचा आवाज आला. पडद्यावरचा ठिपका सरकू लागला.

संध्याकाळी आमच्या गटात पेढे वाटले गेले, याहून जास्त मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर जत्रा भरली. सगळ्यात आधी पोचला प्रीतम, बाबांचा जुना दुश्मन. त्याला एवढी घोळ मिळाली की त्याने बंदरावर फटाके लावले. निकेशने माझा फोन उचलणं बंद केलं.

रविवारी मी घरी गेले. आई भागुबाई दारातच म्हणाली, “बापाशी भांडू नको. जेवला न्हाय नीट चार दिस.” बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी शेजारी बसले. मला वाईट वाटत होतं आणि त्यांचा रागही येत होता. नियम मोडला त्यांनी, आणि खालमानेने बसले होते तेच.

जाळ्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “तुजा ता... बरोबर लागला का जाग्यावर?”

म्हणजे माझं काम कसलं ते त्यांना कळलं होतं.

“बाबा, ता मना सांगता येत न्हाय. घरच्यांना पन न्हाय.”

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली.

“नको सांगू, बाय. आपली जागा कुनाला सांगायची नसते.”

रागाने म्हणाले असते, तर मी भांडले असते. पण लेकीला कामाची गोष्ट शिकवावी, तसं ते मनापासून म्हणाले. मला रडू आवरलं नाही.