पाहुण्यांचा बाक

मी एक जुना बाक आहे आणि परक्यांना आपलंसं करणं हे माझं जीवितकार्य आहे. निदान माझ्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर तसं कोरलंय: ‘पाहुण्यांसाठी राखीव.’

मित्रांनो, चर्चच्या दाराचं लाकूड उरलं, त्यातून सुताराने मला घडवलं. म्हणून मी दाराशीच राहिलो. पोटासाठी दूरदेशाहून आलेली माणसं माझ्यावर टेकत. पहिला गरम चहा माझ्याकडे येई. माझं फार कौतुक झालं.

एक शिंपीण येऊ लागली. कारखान्यात तिला ‘तीन नंबर मशीन’ म्हणत, घरमालकीण ‘वरची’ म्हणे. रविवारी फादर पुढून पुकारत, “आज आपल्यात पाहुणे आहेत. त्यांनी उभं राहावं!” ती उभी राही, टाळ्या पडत. पहिल्यांदा तिला रडूच फुटलं. मग तिला मुलगी झाली, मुलीने माझी कड चावत दात काढले, ती शाळेतही जाऊ लागली. रविवारी दोघी उभ्याच.

“आई, आपण कधीपर्यंत गं पाहुण्या?”

“आधी उभी राहा. लोकांचे हात दुखतायत.”

गायकांचे झगे तिनेच शिवले. गायला मात्र कुणी बोलावलं नाही. पाहुण्यांना त्रास कशाला?

एकदा ती धीर करून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिथल्या काकूंनी तिचा हात मायेने धरला. “अगं बाई, इकडे कुठे? तुझी जागा मागे राखलीय ना आम्ही! चहापण तिथेच येतो.” आणि तिला माझ्यावर आणून बसवलं. त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

पुढे ती आजारी पडली. मुलगी एकटीच आली. म्हणाली, “फादर, आई दवाखान्यात आहे. तिच्यासाठी प्रार्थना कराल?”

“करणार म्हणजे काय! आपल्या पाहुण्या बाई त्या!” फादर वळले, थांबले. “नाव काय गं आईचं?”

मुलीने माझ्या पाठीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, “ती पट्टी काढाल का?”

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण माझ्यावर कुणाला जन्मभर बसवून ठेवू नका.

मुलीची तक्रार चर्चच्या समितीने फार मनावर घेतली. आता माझ्यावर गादी आहे.