डुकरांच्या भावानंतरचं मरण

मृत्यूपुढे सगळी माणसं सारखी, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या सॉल्टन गावाने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. तिथे माणूस गेला, की सकाळी डुकरांचे बाजारभाव संपल्यावर रेडिओवर त्याचं नाव वाचलं जाई. मग कोणतं चर्च, किती वाजता, आणि शेवटी तळघरात जेवायला काय. डुकराचं भाजलेलं हॅम असेल तर चर्च भरे. नुसती कॉफी आणि बिस्किटं असतील, तर मयताच्या स्वभावाबद्दल लोकांना जे वाटत आलेलं असे ते खरं ठरे.

ही नावं वाचायची लव्हॉन कुबिचेक. लग्नाच्या फंदात ती पडली नव्हती. तरुणपणी एका हिवाळ्यापुरती म्हणून रेडिओत शिरली आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होती. तिचा आवाज आला की गाव हातातलं काम थांबवतं, असं तिला वाटे. असं वाटायला कोणाची हरकत नव्हती.

तिची सगळ्यांत कडक श्रोती म्हणजे तिची आई लिब्बी. वय चौऱ्याण्णव, मुक्काम वृद्धाश्रमात. उशाशी रेडिओ, मांडीवर फोन. लव्हॉन दुपारी भेटायला गेली की हजेरी घेतली जाई.

"स्वोबोडाच्या थोरल्याला किती घाईत उरकलंस गं! जिवंतपणी त्याला कोणी बोलू दिलं नाही, निदान मेल्यावर तरी दोन मिनिटं द्यायची होतीस."

"आई, पुढे बातम्या खोळंबल्या होत्या."

"खोळंबू देत, नासतात थोड्याच! आणि माझ्या वेळी हॅम म्हण. खणखणीत म्हण. माझी मैत्रीण ब्लांच मेली, त्या वेळी वीज गेली, रेडिओ मुका. चर्चमध्ये कोण? पाद्री, ऑर्गनवाली आणि मी. त्यातही ऑर्गनवालीला पैसे मिळत होते. मला तसलं रिकामं चर्च नको, कार्टे. शपथ घे."

लव्हॉनने शपथ घेतली. लिब्बीने समाधानाने फोन उचलला. दिवसभर ती कोणाशी तरी बोलतच असे. आश्रमातल्या परिचारिका त्याला गप्पांचं व्यसन म्हणत, लव्हॉनही म्हणे.

वसंतात गावचं रेडिओ केंद्र विकलं गेलं. नवा साहेब ट्रेंट शहरातून डोनटचा खोका घेऊन आला, तेव्हाच लव्हॉन काय ते समजली. चांगली बातमी सांगायला कोणी गोड घेऊन येत नाही.

"पहिल्या तारखेपासून आपण सायमलकास्ट करतोय," ट्रेंट म्हणाला. "शहरातल्या आपल्या एफएमवर जी कंट्री गाणी वाजतात, तीच, त्याच वेळी, इथेही."

"आणि इथलं?"

"इथलं म्हणजे?"

"मेलेली माणसं."

"त्यांच्यासाठी इंटरनेटवर पान काढलंय. फार सुंदर झालंय. वर मेणबत्ती हलते."

"आमच्याकडे मरणारे ऐंशीच्या पुढचे असतात, साहेब. आणि पोचवायला येणारेही."

ट्रेंटने सहानुभूतीने अजून एक डोनट पुढे केला. मग खिशातून किल्ली काढली. "ही मात्र तुमच्याकडेच राहू द्या. चक्रीवादळ आलं तर गावाला सावध करायला इथलं कोणीतरी हवं. लाल बटण दाबलं की या केंद्रावर शहरातलं तुटतं आणि तुमचा आवाज जातो. फक्त वादळासाठी हं, लव्हॉन."

गाव पेटलं. माजी सैनिकांच्या सभागृहात सभा झाली. शेतकरी मिलो पॉस्पिशिलने टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफीचा थर्मास आडवा झाला. "आज रेडिओ नेताहेत, उद्या गाव नेतील! आमची माणसं काय मुकाट्यानं मरणार?" टाळ्यांनी छत दणाणलं. सभा फारच उत्तम झाली. बाहेर येऊन सगळ्यांनी आपापले पिकअप सुरू केले, आणि प्रत्येकातून शहरातल्या एफएमचा तोच गिटारवाला गाऊ लागला. काचा वर होत्या, म्हणून आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, अशी लव्हॉनने स्वतःची समजूत घातली.

पहिल्या तारखेला डुकरांचे भाव बंद झाले.

लिब्बी गेली ती त्यानंतरच्या बुधवारी दुपारी. गावचं साप्ताहिक बुधवारी सकाळी निघतं. वेळेचं भान तिला जन्मभर नव्हतं. दफन शुक्रवारी ठरलं. चर्चच्या स्वयंपाकघराची मुख्य अर्लीन हिने फोनवर विचारलं, "पानं किती धरू?"

"चर्च भरेल इतकी," लव्हॉन म्हणाली.

"अगं पण सांगणार कोण लोकांना?"

"मी."

गुरुवारी सकाळी तिने किल्लीने स्टुडिओ उघडला. आत कोणी नव्हतं. तिच्या खुर्चीवर एक यंत्र ठेवलं होतं आणि ते गात होतं. गाण्यात एक छोटंसं गाव होतं, तिथे कोणी कोणाला परकं नव्हतं आणि शेवटच्या प्रवासाला सगळी माणसं झाडून हजर होती. गाणारा कुठल्या गावचा ते यंत्रालाही ठाऊक नव्हतं. बाहेर आभाळ लख्ख निळं होतं. लव्हॉनने लाल बटण दाबलं.

"सुप्रभात, सॉल्टन. लिब्बी कुबिचेक, वय चौऱ्याण्णव. उद्या सकाळी दहाला, सेंट वेन्सेस्लास चर्च. नंतर तळघरात जेवण. हॅम." पुढे बातम्या खोळंबलेल्या नव्हत्या. "हॅम, आणि खसखशीचे गोड कोलाची पाव. आई खसखस दळायची ती हातानं." दोन मिनिटं भरावीत म्हणून तिने सगळं पुन्हा एकदा सावकाश वाचलं, मग बटण सोडलं. गाण्यातलं गाव एव्हाना दफन उरकून नाचायला लागलं होतं.

शुक्रवारी चर्चमध्ये पाद्री होते. ऑर्गनवाली होती. दहा वाजून गेले तेव्हा अर्लीनने स्वयंपाकघरातल्या बायकांना एप्रनसकट वर आणून बाकांवर बसवलं, दोन दोन हात अंतर ठेवून, म्हणजे चर्च भरल्यासारखं दिसेल. पाद्रीबुवा समोर बघून बोलले. त्यांना सवय होती. तळघरात हॅमच्या चकत्या कडेने वाळत गेल्या.

पुढच्या आठवड्यात किराणा दुकानात मिलो भेटला. टोपी काढून, डोळे पुसत आला.

"अगं लव्हॉन, लिब्बी गेली म्हणे! कळवायचं नाही का माणसानं?"

"रेडिओवर सांगितलं होतं, मिलो."

"रेडिओवर?" मिलो प्रामाणिकपणे चक्रावला. "ते कोण ऐकतं?"

"सभेत टेबल बडवलंस ते?"

"ते गावासाठी. ऐकायचं म्हणजे... सकाळी ट्रॅक्टरमध्ये मी शहरातलंच लावतो. सगळेच लावतात."

"मग एक ब्लांच सोडली तर एकूण एक मयताला तू पहिल्या बाकावर कसा असायचास?"

"ब्लांचनंतर दर वेळी लिब्बीचा फोन यायचा ना! कोण गेलं, कुठे, हॅम आहे की नाही. आम्हाला सगळ्यांनाच यायचा. देवमाणूस बाई. या वेळी फोन आला नाही, म्हणून म्हटलं, कोणी गेलं नसणार." त्याने टोपी पुन्हा घातली. "उरलं असेल ना गं हॅम बरंच?"

"फ्रीजरमध्ये आहे," लव्हॉन म्हणाली.

महिनाअखेर ट्रेंटचा फोन आला. त्या गुरुवारी सकाळी सॉल्टनच्या केंद्रावर शहरातलं प्रसारण दोन-चार मिनिटं तुटलेलं दिसत होतं.

"बटण तपासलंत वाटतं?"

"हो. कोणी तक्रार केली का?"

"छे. एकही नाही."

बटण व्यवस्थित चालतं, अशी कंपनीने नोंद केली.