जोंधळ्याच्या चांदण्या

"चांदण्या ह्यांच्या, आन् भोकं माझ्या बोटांना," सारजा हातातल्या दाभणाला सांगत होती. हातभर अंतरावर बसलेल्या म्हस्कूनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. एकतीस वर्षांच्या संसारात एवढं त्याला चांगलं जमलं होतं.

इंदापूरच्या माळावर मेंढरांचा तळ होता. दिवाळी सरली होती. परवा कोकणाकडं निघायचं. राखणीला म्हस्कू तरुणपणापासून एकटा जागायचा आणि कुणी नाव न ठेवलेल्या चांदण्या हेरायचा. सगळ्यांना ठाऊक असलेली चांदणी त्याला नको. सकाळी काळ्या घोंगड्यावर तो त्यांच्या आभाळातल्या जागा धरून जोंधळ्याचे दाणे मांडायचा, आणि कोंबड्यांनी टिपायच्या आत सारजानं तिथं पांढऱ्या लोकरीची गाठ घालायची. एकदा 'लंगडी' नावाची चांदणी कोंबडीनं गिळली, तर हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता. याच चांदण्यांच्या अंदाजानं तो भल्या पहाटे कळप घाटाखाली उतरवायचा.

वर्षाला एखाददुसरी सापडायची. गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून मात्र पीकच आलं. प्रत्येक जुन्या चांदणीशेजारी पिल्लू! सारजा गाठी घालत राहिली. त्याचा हात तांब्याच्या बाजूला चाचपडायला लागला, की ती तांब्याच हाताखाली सरकवायची. गेल्या खेपेला घाटात अकरा मेंढरं कड्यावरून गेली, तेव्हा सगळे म्हणाले, वाघानं बुजवली. तीही म्हणाली.

आज त्यानं चिमूटभर दाणे मांडले. "बारा हायेत. आख्खा कळपच! आजवर कुणाच्या नजरंला आला न्हाय."

धाकटा दीर बिरू सकाळपासून घुटमळत होता. 'वयनी, तुमी बोला,' अशा त्याच्या खुणा चालल्या होत्या. वयनी दाभणात दोरा ओवत होती.

"दादा, औंदा वाट कुणी धरायची?"

"कुणी म्हंजे? मीच. आता आभाळात इतक्या खुणा झाल्यात, चुकतोय कशाला?"

"व्हय की," बिरू म्हणाला. "मलाबी दिसल्या रातच्याला."

सारजानं मान वर केली. पलीकडं सून तान्ह्याला झोळीत घालत होती. घाटात ती म्हस्कूच्या मागोमाग चालणार होती.

तेवढ्यात तांबडी कोंबडी आली. घोंगड्यावर चढली आणि म्हस्कूच्या गुडघ्यापुढचे दाणे टिपायला लागली. एक, दोन, तीन. कुणी हुसकावलं नाही. म्हस्कू घोंगड्याकडंच बघत होता. तोंडावर केवढं समाधान.

"मोज रं बिरू. बारा हायेत न्हवं?"

कोंबडीनं शेवटचा दाणा उचलला.

"बारा, दादा."

सारजानं दाभण घोंगड्यात खुपसून ठेवलं.

"आवं, एक बी न्हाय. कोंबडीनं समदे खाल्ले तुमच्यासमोर. तुमाला दिसत न्हाय. आन् घाटात वाघ न्हवता. ती मेंढरं तुमीच कड्यावर नेली."