ताईची झडती

ताईला घरातले ‘ढेकूण-फौजदार’ म्हणायचे, आणि काही उगाच नाही. एकदा एका लॉजमधून ढेकूण घरी आले आणि चांगला पलंग जाळावा लागला. तेव्हापासून बाईने जी धास्ती घेतली, ती घेतलीच! कुठेही मुक्कामाला गेली की सामान आधी बाथरूमच्या फरशीवर. मग हातात बॅटरी घेऊन गादीची शिवण न् शिवण बघायची, पलंगाच्या उशाकडची फळी उचकटायची, आणि तोवर नवऱ्याने दारात उभं राहायचं. बिचारा!

या क्रूझवर मात्र नवरा नव्हता, धाकटी बहीण होती. ताईनेच हट्टाने आणली होती. धाकटी वर्षभर तिच्याकडे फिरकली नव्हती. फोन केला तर ‘बरंय, चाललंय’ म्हणायची, की संपलं. कशावरून बिनसलं, कुणास ठाऊक! समुद्रात पळून जाऊन जाईल कुठे, काय ते बोलतं करू आणि पुन्हा घरी यायला लावू, एवढीच ताईची आस होती. आणि जमतही होतं की! पहिल्या संध्याकाळी डेकवर धाकटी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसली होती. ताईला भरून आलं होतं.

पण सकाळी ताईच्या मनगटावर ओळीने लाल गांध्या उठल्या.

मग काय विचारता! केबिन साफ करणाऱ्याला बोलावून ताईने त्याला फैलावर घेतलं. “एवढे पैसे घेता आणि ढेकणांत झोपवता?” त्या बापड्याने गाद्या उभ्या केल्या, फळी काढली. कुठे काही नाही. सगळं लख्ख.

“मग बॅगांत शिरले असतील. तुझी बॅग आण गं.”

“माझी राहू दे, ताई.”

“राहू दे काय? घरी घेऊन जायचेत का?” म्हणत ताईने ती ओढलीच आणि त्या माणसासमोर फरशीवर उपडी केली. गरम स्वेटर. इस्त्री. फ्रेममधला आईचा फोटो. समुद्राच्या सहलीला इस्त्री कोण आणतं? आणि बॅगेच्या शिवणीत काळे डाग, सुकलेली टरफलं, हलणारे जीव. हे एका रात्रीतलं नव्हतं. हे मुरलेलं होतं.

तो माणूस मान खाली घालून बाहेर गेला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कुठे राहतेस तू?” ताईने विचारलं.

“कॉट भाड्याने घेतलीय. एका खोलीत पाच जणी. ह्यांनी घराबाहेर काढलं, त्याला वर्ष झालं.”

“आणि माझ्याकडे नाही आलीस? मी मेले होते का गं?”

“आले होते की. हीच बॅग घेऊन.”

ताईला आठवलं. दार उघडल्या उघडल्या ती हसत हसत म्हणाली होती, ‘आधी ती बॅग बाहेर ठेव बाई, काय काय घेऊन आली असशील!’ धाकटीने बॅग बाहेर ठेवली, चहा घेतला, ‘सहज डोकावले’ म्हणाली आणि गेली.

“तेव्हा बॅगेत काही नव्हतं गं,” धाकटी हळूच म्हणाली. “ढेकूण नंतर लागले. त्या कॉटवर.”

ताई पुढे झाली, तशी धाकटी मागे सरकली. “जवळ नको येऊस. तुला कपडे बदलावे लागतील.” टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

ताईने तिला ओढून घट्ट मिठी मारली. हमसून हमसून रडली. “घरी चल. बॅगेसकट चल! माझ्या उशीवर ठेव ती, पण चल गं!”

धाकटी तशीच उभी राहिली, हात खाली सोडून. “तुझ्या दारात बॅग घेऊन पुन्हा उभं राहायला मला नाही जमणार, ताई. एकदा राहिले ना!”

दुपारी जहाज बंदराला लागलं. धाकटीने सामान भरलं आणि उतरली. ताई कठड्याला धरून हाका मारत राहिली. धाकटीने एकदा वळून हात हलवला, नेहमी हलवायची तसाच, आणि बॅग या हातातून त्या हातात घेऊन चालू लागली.