मुदतीच्या अर्जातलं कारण

मी कधी तारीख मागत नाही, हा माझा शिवाजीनगर कोर्टातला लौकिक. मिरवण्यासारखा होता, म्हणून मिरवलाही. कुणाचं पोट दुखतं, कुणाचे सीनिअर हायकोर्टात अडकतात; समोरच्यांच्या अशा अर्जांवर मी 'सक्त हरकत' लिहून मोकळी व्हायचे. दोन वर्षांपूर्वी शेफालीताईंच्या अर्जावरही लिहिलं. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता. 'घरी इतर माणसे असतील' असंसुद्धा मी वर जोडलं होतं. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सोमवारी सव्वाअकराला कर्वेनगरहून यमुनाबाईंचा फोन आला. माझ्या पाच महिन्यांच्या मुक्ताईला त्या सांभाळतात. "ताप एकशे दोनवर गेलाय. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दिलं, पण सकाळपासून बाटली तोंडात घेईना. तुम्हीच या." नवरा, आमोद, कामासाठी बंगळुरात.

इकडे वाघोलीच्या जमिनीचा दावा पुकारायच्या बेतात होता. सत्तरी ओलांडलेले साक्षीदार सोनबा बाकावर येऊन बसले होते, आणि त्यांचा उलटतपास मी घ्यायचा होता. बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलं मोठं काम. आमचे सीनिअर श्यामसुंदर सर फाइल देताना म्हणाले होते, "बाळ सांभाळून झेपेल ना? नाहीतर मी आहेच, रिकामाच असतो." झेपेल, असं मी ठणकावून सांगितलं होतं. बाळाचं कारण देऊन तारीख घेतली की ही फाइल त्यांच्या टेबलावर परत जाणार, आणि पुढच्या फायली माझ्यापर्यंत येणारच नाहीत, हे मला कळत होतं.

म्हणून अर्जात लिहिलं, 'वकिलांची प्रकृती अचानक बिघडल्याने मुदत मिळावी'. अर्जावर समोरच्या वकिलाचं म्हणणं घ्यावं लागतं. समोर होत्या शेफालीताई.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "काय होतंय आपल्याला?"

"चक्कर येतेय."

"मग उभ्या कशाला? बसा."

मी बसले नाही. फोन पुन्हा थरथरला. उचलला, तर यमुनाबाईंच्या आवाजामागे मुक्ताईचं रडणं. कोटाच्या आत माझा ब्लाउज दुधानं भिजला. शेफालीताईंना ते रडणं ऐकू गेलं असावं.

"खोट्या कारणाला माझी हरकत आहे," त्या म्हणाल्या. "खरं लिहा, लगेच 'हरकत नाही' लिहून देते."

"सरांना कळेल, ताई."

"कळू दे. तेव्हा मी खरं लिहिलं होतं. तुम्ही हरकत घेतलीत, अर्ज फेटाळला गेला. तुमचा राग आला, तो महिनाभरात गेला. पण त्यानंतर मुलगा आजारी पडला की मीही स्वतःची प्रकृतीच लिहायला लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही."

माफी मागायला हवी होती, ती सुचली नाही. मी पहिला अर्ज फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं, 'माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला ताप आहे. ती बाटली घेत नाही, फक्त अंगावर पिते. मला घरी जाणे आवश्यक आहे.'

न्यायाधीशांनी वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बाहेर मी सोनबांपुढे हात जोडले. दोन बस बदलून आलेला माणूस, चिडणं रास्तच होतं.

"मागल्या येळंला तुमच्या सायबाचं पोट दुखत व्हतं," ते म्हणाले. "ह्ये कारण तरी खरं हाय. जावा बिगीनं."

घरी पोहोचले तेव्हा मुक्ताई रडून रडून दमली होती. पदराखाली घेतलं तशी हुंदके देत प्यायला लागली. तिचं अंग भाजत होतं, आणि ती सकाळपासून उपाशी असताना मी आधी खोटं कारण शोधत बसले होते, हे मला सहन होईना. मी रडले.

तेवढ्यात सरांचा मेसेज आला. 'अर्ज पाहिला. अक्षर सुंदर आहे. पुढच्या तारखेला मी जाईन.'

मी एका हातानं उत्तर लिहिलं, 'नको सर, उलटतपास मीच घेणार. मुक्ताई पुन्हा आजारी पडली तर पुन्हा तारीख मागेन, आणि कारण हेच लिहीन.'

पाठवलं, आणि मुक्ताईला दुसऱ्या बाजूला घेतलं.