मला मान मिळाला आणि धाप लागली

मी एक जुनी, निळी, दोन बाकांची गाडी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ मी स्वतःला म्हणू शकते. तुम्ही म्हणालात तर हॉर्न वाजवीन! पुढे माझी मालकीण बसते. मागे पत्र्याच्या छपराखाली समोरासमोर दोन बाकं आहेत आणि त्यांवर अख्खं गाव बसतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी मालवाहू गाडी होते. लांपांग शहरातल्या एका लोहाराने मला बाकं जोडली, छप्पर दिलं. भिक्खूंनी आशीर्वाद म्हणून माझ्या कपाळावर पांढरे ठिपके काढले आणि माझी मालकीण फोंगकेव मला टेकडीवरच्या तिच्या गावी घेऊन आली. तेव्हापासून रोज पहाटे भाजीवाल्या बायकांना खाली बाजारात न्यायचं, दुपारी परत आणायचं. लांब शेंगांच्या जुड्या, केळफुलं, टोपलीतल्या ओरडणाऱ्या कोंबड्या, आणि त्यांच्यापेक्षा जास्त ओरडणाऱ्या बायका! एक बाळ तर माझ्या डाव्या बाकावरच जन्मलं, दवाखान्याच्या फाटकात. त्या दिवशी माझं किती कौतुक झालं म्हणून सांगू!

मग गावात थंड हवेची पांढरी व्हॅन आली. माझ्या बाकावर जागा रिकाम्या राहू लागल्या. तरी भाजीवाल्या माझ्याकडेच येत, कारण व्हॅनवाला कोंबड्यांना आत घेत नसे.

यंदाच्या सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, घरोघरी थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद मागणं चाललं होतं. फोंगकेवची आई, नुअन आजी, हळद आणि मोगऱ्याच्या पाण्याचा चांदीचा वाडगा घेऊन थेट माझ्यासमोर आली.

“ही आपल्या घरातली थोरली. हिला कुणी मान द्यायचा?”

“आई, अगं गाडीला हात कुठले?” फोंगकेव हसली.

“हात नसू देत. काळीज तर आहे ना? उघड ते झाकण!”

बॉनेट उघडलं. आजीने सगळा वाडगा माझ्या इंजिनावर ओतला, हात जोडले आणि म्हणाली, “काही चुकलं असेल तर पोटात घाल, बाई.”

मी अगदी खरोखर पोटात घातलं!

दुसऱ्या दिवशी मला धापच लागली. चार सिलिंडरांनी एका तालात धावायचं, तर माझा तिसरा गप्प. सगळं अंग थरथरायचं. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. टेकडीच्या चढावर मी निम्म्यात थांबले आणि भाजीवाल्यांना उतरून मला ढकलावं लागलं. सणामुळे गॅरेजं बंद होती, म्हणून नूडलच्या टपरीवर बसलेल्या मंडळींनीच निकाल दिला, “इंजिन खलास. आता भंगारात.”

फोंगकेव रात्रभर विचार करत राहिली. चढावर गाडी मागे घसरली आणि बाकावर बायका असल्या, तर? सकाळी तिने भंगारवाल्याला फोन केला. आजी मात्र कोपऱ्यात बसून पुटपुटत होती, “मी आशीर्वाद मागितला आणि हिला दुखणं लागलं. माझ्याच हाताचा काही दोष असणार.”

मित्रांनो, भंगारात जायचं दुःख होतंच, पण आजीचं ते बोलणं मला जास्त लागलं. आणि मला बोलता येत नव्हतं!

भंगारवाला यायच्या दिवशी गावचा मेकॅनिक इन्थॉन सणाच्या सुट्टीवरून परतला आणि आजीच्या हातांवर पाणी घालायला आला. त्याच वेळी फोंगकेवने फाटकाशी आणण्यासाठी मला सुरू केलं. इन्थॉनचे कान टवकारले.

“केवताई, ही थंडीने कुडकुडते की तुझ्या गाडी चालवण्याला घाबरते?”

“चेष्टा नको रे. इंजिन गेलंय.”

“कोण म्हणतं?”

“टपरीवर सगळे म्हणतात.”

“वा! मग मी गॅरेज बंद करतो, तिथेच चहा पीत बसतो.”

त्याने आपल्या दुचाकीवरची हत्यारांची पेटी आणून रबरी हातमोजे घातले. मी सुरू असतानाच एकेका प्लगची वायर काढून परत बसवू लागला. पहिली काढली, मी आणखी अडखळले. “ही कामाची.” दुसरी, तेच. तिसरी काढली आणि मला काहीच फरक पडला नाही.

“सापडली आळशी! हिच्या सिलिंडरात पेट्रोल पेटवायला ठिणगीच पडत नाही.”

मला बंद करून त्याने वायरीचं रबरी टोपण नीट पाहिलं. ते तडकलं होतं. मग प्लगच्या खोल खड्ड्यात विजेरी मारली आणि तो पोट धरून हसू लागला.

“आजी, तुम्ही हिला आंघोळ घातलीत की काय? आत हळदीचं पाणी साठलंय!”

आजीचा चेहरा पडला. “म्हणजे मीच केलं?”

“टोपण शाबूत असतं तर पाणी आत गेलंच नसतं. तो तडा जुना आहे, आजी. तुमच्या पाण्याने फक्त चुगली केली.”

ठिणगी त्या पाण्यातूनच पळून जात होती. त्याने आधी पंपाच्या हवेने खड्डा कोरडा केला, मगच प्लग काढला, नाहीतर पाणी थेट सिलिंडरात गेलं असतं. प्लग पुसून परत लावला, पेटीतलं नवं टोपण नि वायर बसवली. फोंगकेवने किल्ली फिरवली.

आणि मी गायले! एक, दोन, तीन, चार, सगळे एका सुरात! फोंगकेवने स्टीअरिंगवर डोकं टेकवलं आणि ती हसता हसता रडली. आजी म्हणाली, “ऐकलंत? माझी थोरली बोलली.”

तेवढ्यात भंगारवाला जाड दोरखंड घेऊन उतरला. “कुठाय ती मेलेली गाडी?”

“मेली असेल तुझी!” आजी कडाडली. मग त्यालाच बसवून तिने त्याच्या मनगटावर आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला आणि चिकट भात खाऊ घातला. बिचारा दोरखंड गुंडाळून गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं कुणी अडखळू लागलं, गाडी असो, पंखा असो की माणूस, तर टपरीवरचा निकाल ऐकू नका. आधी जवळ जा, कान लावा, एकेक वायर तपासा. बहुतेक वेळा सगळं संपलेलं नसतं, एकाच जागी काहीतरी अडलेलं असतं.

आता मी टेकडीच्या पायथ्याशी उभी आहे. बाकं गच्च भरली आहेत. चढ समोर आहे आणि मागच्या बायका श्वास रोखून बसल्या आहेत. फोंगकेवने दुसरा गिअर टाकला. बघाच तुम्ही, आज कुणालाही उतरावं लागणार नाही!