खांदा त्यांचा, कान तिचा

मी ग्लासगोच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्यापासून आठ-दहा पावलांवर एका बाईचा कान गेला, आणि मी तोंड उघडलं नाही.

माझा नवरा कुशल ऑर्थोपेडिक्समध्ये ट्रेनी आहे. त्याचे कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ सर्जन, डॉ. शशिधर बोरवणकर. मिरजेहून आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. हिप रिप्लेसमेंटमध्ये त्यांचं नाव आहे, आणि ते खोटं नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा फ्लॅट मिळेपर्यंत तीन आठवडे त्यांच्याच घरी राहिलो होतो. कुशलच्या ट्रेनिंगच्या रिपोर्टवर सही त्यांचीच असते. त्यामुळे त्यांनी बोलावलं की जायचं, हे आमच्या घरात बोलून ठरवावं लागत नव्हतं.

सरांना शिकारीचा नाद होता. दहा वर्षं ते हायलँड्समध्ये हरणं मारत होते. हरणांच्या रायफलीला इथे बहुतेक सगळे मॉडरेटर लावतात. नळीच्या तोंडावर बसवायचा डबा, आपण सायलेन्सर म्हणतो तो. आवाज बंद होत नाही, पण बराच खाली येतो. आता मात्र सरांना टांझानियाला जाऊन केप बफेलो, तिथला रानरेडा, मारायचा होता. त्यासाठी त्यांनी मोठ्या बोअरची, अंगठ्याएवढी गोळी फेकणारी रायफल घेतली होती आणि ती आर्गाइलमधल्या शिकारीच्या एका इस्टेटवर चालवून बघायची होती. "या रे दोघं," ते म्हणाले. "अनुयाला कळू दे खरा आवाज कसा असतो. नुसते बीप-बीप वाजवत असते."

आम्ही चौघं गेलो. सर, त्यांची बायको सुलक्षणाताई, कुशल आणि मी. तिथली स्टॉकर म्हणजे पाहुण्यांना डोंगरावर घेऊन जाणारी, हरणाचा माग काढून देणारी बाई. मोराग तिचं नाव. पन्नाशीची, बारीक चणीची, कमी बोलणारी. नेमबाजीच्या रेंजची जबाबदारी तिची होती.

सरांनी पेटी उघडून रायफल बाहेर काढली. नळीच्या टोकाला बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंना खाचा असलेला तुकडा होता. मोरागने तो बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"मझल ब्रेक," ती म्हणाली. "मी ईमेलमध्ये मॉडरेटर आणा म्हणून लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या बोअरलाही मिळतो."

"मिळतो ना," सर म्हणाले. मग आमच्याकडे वळून मराठीत, "नळीला दुधी भोपळा बांधल्यासारखा दिसतो. रेड्याशेजारी फोटो काढायचा तर रायफल रायफलीसारखी दिसायला नको?"

कुशल हसला. मीही हसले.

ब्रेक काय करतो ते मोरागनेच मला समजावलं. गोळीमागून येणारा गॅस त्या खाचांमधून बाजूला आणि मागे फेकला जातो. त्यामुळे चालवणाऱ्याच्या खांद्याला बसणारा धक्का निम्म्यावर येतो. पण तो स्फोट शेजारच्या माणसाच्या तोंडावर येतो. "चालवणाऱ्याला सुख," ती म्हणाली, "बाकीच्यांनी सोसायचं."

"ब्रेकशिवाय ही चालवली तर माझा खांदा जाईल," सर तिला इंग्लिशमध्ये म्हणाले. "आणि मी सर्जन आहे. माझ्या खांद्यावर लोकांची हाडं अवलंबून आहेत."

त्यात तथ्य होतं. मोरागने आम्हा तिघांना चांगली वीस पावलं मागे नेलं, कानावर जाड मफ दिले. स्वतः मात्र तिला सरांच्या डावीकडे, दुर्बीण लावून बसावं लागणार होतं, नेम कुठे लागतोय ते सांगायला. सरांचे मफ इलेक्ट्रॉनिक होते, बोलणं ऐकू येऊ देणारे आणि स्फोट अडवणारे. तिचे साधे. तिने नियम एकच सांगितला आणि दोनदा सांगितला. "मी 'फायर' म्हणेपर्यंत ट्रिगरला बोट लावायचं नाही."

पहिली गोळी सुटली तेव्हा आवाज कानात नाही, छातीत बसला. गवत दोन्ही बाजूंना आडवं झालं. दुसरी सुटली. सुलक्षणाताई फोनवर व्हिडिओ घेत होत्या आणि मला म्हणाल्या, नीट दिसत नाही, जरा पुढे ये. मी त्यांच्याबरोबर पुढे गेले, म्हणून पुढचं मला स्पष्ट दिसलं.

सरांनी गाल रायफलीला लावलेला होता. तसंच त्यांनी काहीतरी विचारलं. मोरागला ऐकू आलं नाही. तिने उजव्या कानावरचा मफ उचलला आणि त्यांच्याकडे वाकून म्हणाली, "काय म्हणालात?"

आणि त्यांनी गोळी झाडली.

ती ओरडली नाही. तळहाताने कान दाबून गवतावर बसली, आणि मग हळूहळू कपाळ जमिनीला टेकवलं. सर उभे राहून टार्गेटकडे बघत होते. "बुल्सआय," ते म्हणाले. सुलक्षणाताईंनी टाळ्या वाजवल्या. कुशलनेही वाजवल्या. तो अजून मागेच होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं, आणि तरी माझे हात एकदा, दोनदा एकमेकांवर आपटले. ते मला आजही आठवतं.

मग सर तिच्याजवळ गेले. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "रिंगिंग होतंय? उद्यापर्यंत जाईल. आय ॲम अ डॉक्टर."

मोरागने माझ्याकडे बघितलं. मी काय काम करते ते तिला सकाळी गाडीतून उतरतानाच कळलं होतं. असा आघात झाला की वेळ घालवायचा नसतो. कान तपासून पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉईड सुरू केले तर थोडं वाचायची शक्यता असते. खात्री नाही, पण शक्यता. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आत्ता गाडीत बस, ओबानच्या हॉस्पिटलला जाऊ. मी म्हणाले, "सर, एकदा दाखवून घेतलं तर?"

"अगं, टेंपररी असतं हे," सर म्हणाले. "तू शिकवणार का मला?"

कुशलने माझ्या कोपराला हलकेच हात लावला. मी गप्प बसले. लाकडी शेडमध्ये बसून आम्ही सुलक्षणाताईंनी आणलेले बटाटेवडे खाल्ले. सर सहा वडे खाऊन बोटं चाटत आफ्रिकेतल्या कॅम्पचे फोटो दाखवत होते. मोराग बाहेर एकटीच काडतुसांच्या रिकाम्या केसेस वेचत होती, आणि मधूनमधून डोकं एका बाजूला कलतं करून हलवत होती, पोहल्यावर कानातलं पाणी काढतात तसं.

संध्याकाळी इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ आला. सरांनीच टाकला होता, खाली हसण्याचे चेहरे. 'आमच्या तोफेपुढे स्कॉटलंडचं लोटांगण,' असं लिहिलं होतं. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. मी तो तीनदा बघितला. तिचं "काय म्हणालात?" स्पष्ट ऐकू येत होतं. ती 'फायर' म्हणाल्याचं कुठेच नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. बाहेर कुशल म्हणाला, "वडे तेलकट होते का गं?"

अकराव्या दिवशी माझ्या क्लिनिकच्या यादीत तिचं नाव होतं. ओबानच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. मी तिला आत बोलावलं आणि लगेच सांगितलं, "मी त्या दिवशी तिथे होते, त्यामुळे तुमची टेस्ट मी करणं बरोबर नाही. माझी सहकारी फियोना करेल."

"चालेल," ती म्हणाली, पण उठली नाही. "एक विचारू? तुमच्या मित्राने इस्टेटच्या मॅनेजरला लिहून दिलंय की मीच 'फायर' म्हटलं, आणि मग मूर्खासारखा मफ काढला. मला स्वतःवरच शंका यायला लागली आहे. मी म्हटलं होतं का हो?"

इतका वेळ मला सरांची लाज वाटत होती, रागही येत होता. त्या क्षणी निव्वळ किळस आली. हातून चूक होते, हे मला मान्य होतं. पण या माणसाने तिचा कान घेतल्यावर तिची आठवणही घ्यायला काढली होती.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही नव्हतं म्हटलं. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

फियोनाने टेस्ट केली. उजव्या कानाचे वरचे सूर जवळजवळ गेले होते, मधलेही खाली आले होते. स्टेरॉईड सुरू झाले, पण उशीर झाला होता, हे आम्हा दोघींना कळत होतं.

घरी येऊन मी कुशलला सांगितलं की मी मॅनेजरला व्हिडिओ पाठवतेय, सोबत माझं स्टेटमेंट.

 तो म्हणाला, "अनू, मार्चमध्ये माझा रिव्ह्यू आहे."

"माहितेय मला."

"आपण त्यांच्या घरी राहिलोय. तुला न्यूमोनिया झाला होता तेव्हा सुलक्षणाताईंनी—"

"तेही माहितेय."

"आणि त्या बाईचा कान परत येणार आहे का?"

"नाही. मी तेव्हा बोलले असते तर थोडा आला असता कदाचित. तू माझं कोपर धरलं होतंस."

 त्याला दुखावं म्हणूनच मी ते म्हटलं होतं, आणि म्हणून मला माझीही थोडी शिसारी आली. पण ईमेल मी पाठवलं.

तीन दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज अगदी प्रेमळ होता.

"अनुया, बाळा, काय केलंस हे? मला सांगितलं असतंस तर आपण आपल्यात मिटवलं असतं."

"सर, ती आपल्यातली नाही ना. तिचं काय मिटवणार होतो आपण?"

"ती स्टॉकर आहे गं. तिचं आयुष्य बंदुकीशेजारी गेलंय. तिचे कान आधीपासूनच खराब असणार. तुझ्या फील्डमध्ये तुला एवढं कळायला पाहिजे."

"इस्टेटवर दरवर्षी टेस्ट होते, सर. मेमध्ये तिचे दोन्ही कान चांगले होते. तिनेच मॅनेजरला रिपोर्ट दिलाय."

 मग ते म्हणाले, "मी कुशलला मुलासारखं मानलं." आणि फोन ठेवला. 'सॉरी' हा शब्द त्या बोलण्यात एकदाही आला नाही. नंतर मला जाणवलं की त्यांनी मोरागचं नावही घेतलं नव्हतं. बहुधा त्यांना ते आठवतच नव्हतं.

पुढे काय झालं ते सांगते. इस्टेटने त्यांना कायमची बंदी घातली आणि आजूबाजूच्या इस्टेटींनाही कळवलं. पोलिसांच्या लायसन्सिंगवाल्यांनी येऊन माझा जबाब घेतला. सरांचं बंदुकीचं लायसन्स चौकशी होईपर्यंत थांबवलं आणि रायफली उचलून नेल्या. सर तरी टांझानियाला गेलेच. तिथे कॅम्पवर भाड्याने रायफल मिळते. जानेवारीत ग्रुपवर फोटो आला. मेलेल्या रेड्याच्या शिंगांवर कोपर टेकून सर बसले होते, आणि नळीच्या टोकाला तशाच खाचा होत्या. मागे दोन काळे ट्रॅकर उभे होते, दोघांच्याही कानांवर काही नव्हतं. खाली अभिनंदनाची रांग लागली होती. मी ग्रुप सोडला. त्यानंतर आम्हाला तिळगुळाचंही बोलावणं आलं नाही.

कुशलच्या रिव्ह्यूत सरांनी वाईट काही लिहिलं नाही. 'समाधानकारक' लिहिलं. आधीच्या दोन्ही वर्षी 'उत्कृष्ट' होतं. त्याने बदली मागून घेतली आणि आता तो सोमवार ते शुक्रवार कार्डिफला असतो. आम्ही भांडत नाही. एकदा तो फोनवर आपणहून म्हणाला, "मी टाळ्या वाजवल्या होत्या गं." मी म्हटलं, "मीही." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

एप्रिलमध्ये मोराग हिअरिंग एड बसवून घ्यायला आली. काम फियोनाचं होतं, पण मी कॉरिडॉरमध्ये थांबले. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या उजव्या बाजूला होते. हाक मारली तर तिने भलतीकडेच वळून बघितलं. आवाज कुठून आला ते तिला आता कळत नाही. मी वळसा घालून डावीकडे गेले.

"काम कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय. धुक्यात हरणाचं ओरडणं ऐकू येतं, पण कुठल्या कड्यावरून ते सांगता येत नाही. मग पाहुण्यांना चुकीच्या बाजूला नेते आणि रस्ता बदलला म्हणून सांगते." ती किंचित हसली. "पिपिट म्हणून एक छोटा पक्षी असतो आमच्याकडे. तो या वर्षी आलाच नाही असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, अगं, सगळीकडे ओरडतोय."

मी कितीतरी महिने मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "मी त्याच दिवशी तुम्हाला हॉस्पिटलला न्यायला हवं होतं. मला माहीत होतं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. इथले लोक असंच म्हणतात. अंगावर गरम चहा सांडला तरी म्हणतात.

"हो," मोराग म्हणाली. "न्यायला हवं होतं."

मग तिने जॅकेटची चेन ओढली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि लिफ्टकडे गेली. माझा पुढचा पेशंट दारात उभा होता. मी त्याला आत बोलावलं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि टेस्ट सुरू केली.